डेबियनचे अपडेट : सोर्स कोडपासून पॅकेजपर्यंत

संगणकाच्या पडद्यावर ‘अपडेट उपलब्ध आहे’ अशी सूचना झळकली की बहुतेक जण फारसा विचार न करता होकार देतात. वस्तुतः अपडेट म्हणजे अनोळखी व्यक्तीने लिहिलेली आणि आपल्या संगणकावर सर्वाधिकारांसह बसवली जाणारी आज्ञावली असते. मुक्तस्रोत प्रणालींमध्ये या आज्ञावलीचा मूळ मजकूर, म्हणजेच सोर्स कोड, कोणालाही वाचता येतो. मात्र संगणकावर उतरते ते त्या मजकुरापासून तयार केलेले पॅकेज. या दोहोंमधली वाट किती भरवशाची, यावर अपडेटची सुरक्षितता अवलंबून असते. ‘डेबियन’ या लिनक्स वितरणाच्या उदाहरणावरून ती चांगली समजते.

इयान मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. हे वितरण कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नसून जगभरातील स्वयंसेवक ते चालवतात. १९९७ मध्ये प्रकल्पाने ‘सामाजिक करार’ स्वीकारला. वितरण मुक्त राहील आणि त्यातील दोष लपवले जाणार नाहीत, ही त्यातील दोन प्रमुख आश्वासने. २००४ मध्ये आलेले ‘उबुंटू’ही डेबियनच्याच पायावर उभे आहे.

डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजची जबाबदारी ठरावीक व्यक्तीकडे किंवा गटाकडे असते. मूळ लेखकांनी प्रसिद्ध केलेला सोर्स कोड, डेबियनने त्यात केलेले बदल आणि या फायलींची पडताळणी करणारी स्वाक्षरीयुक्त नोंद, असे मिळून ‘सोर्स पॅकेज’ बनते. त्यापासून वापरायोग्य पॅकेज तयार करण्याचे काम प्रकल्पाची स्वतःची यंत्रे करतात. एखाद्या स्वयंसेवकाने आपल्या संगणकावर तयार केलेले पॅकेज पुढील आवृत्तीसाठी ग्राह्य धरायचे नाही, असा निर्णय २०१९ मध्ये झाला.

नवे पॅकेज प्रथम ‘अनस्टेबल’ या शाखेत येते. साधारणपणे २ ते १० दिवसांत गंभीर दोष आढळला नाही आणि अवलंबून असलेल्या इतर पॅकेजांचा मेळ बसला, तर ते ‘टेस्टिंग’ शाखेत जाते. सुमारे दोन वर्षांनी ‘टेस्टिंग’मधील बदल गोठवून, दोष दूर करून ‘स्टेबल’ आवृत्ती प्रसिद्ध होते. १२ वी आवृत्ती ‘बुकवर्म’ जून २०२३ मध्ये, तर १३ वी ‘ट्रिक्सी’ ऑगस्ट २०२५ मध्ये आली.

‘स्टेबल’मधील पॅकेजांचे क्रमांक जुने दिसतात, त्यामुळे ती असुरक्षित असावीत असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात सुरक्षेतील त्रुटी आढळल्यावर डेबियन बहुधा संपूर्ण नवी आवृत्ती देत नाही. त्रुटी दूर करणारा तेवढाच बदल जुन्या सोर्स कोडमध्ये बसवला जातो. पॅकेजच्या क्रमांकाअखेरीस ‘डेब१२यू१’ अशा प्रकारची अक्षरे दिसली, तर तो १२ व्या आवृत्तीसाठी केलेल्या दुरुस्तीचा शिक्का समजावा.

पॅकेज उतरवून घेताना ‘एपीटी’ हे साधन भांडाराच्या सूचीवरील डिजिटल स्वाक्षरी तपासते. वाटेत कोणी फेरफार केलेला नाही, एवढे त्यातून सिद्ध होते. मुळातच चूक असेल, तर स्वाक्षरी ती पकडू शकत नाही.

याचा प्रत्यय २००८ मध्ये आला. डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये २००६ साली, तपासणी साधनाने दिलेल्या इशाऱ्यामुळे काही ओळी वगळण्यात आल्या होत्या. त्यामुळे गुप्त किल्ल्या तयार करताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली आणि प्रत्येक प्रकारच्या किल्लीचे जेमतेम ३२ हजार पर्याय उरले. हा बदल सर्वांना दिसेल असा उघड्यावर होता, तरीही मे २००८ पर्यंत तो कोणाच्या ध्यानात आला नाही. दुरुस्तीनंतर केवळ पॅकेज बदलून भागले नाही. या काळात तयार झालेल्या किल्ल्याही रद्द कराव्या लागल्या.

मार्च २०२४ मधील ‘एक्सझेड’ प्रकरण अधिक गंभीर होते, कारण त्यामागे हेतू होता. टोपणनावाने वावरणाऱ्या एका सहभागीने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करून या संकोचन साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरली. तिला चालना देणारा भाग सार्वजनिक कोड भांडारात नव्हता. तो केवळ प्रसिद्ध केलेल्या संचात होता. दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा शोध घेताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ती सापडली. तोवर ती ‘अनस्टेबल’ व ‘टेस्टिंग’पर्यंत पोहोचली होती. ‘स्टेबल’ मात्र सुरक्षित राहिली.

दिलेल्या सोर्स कोडपासून कोणीही, कोठेही पॅकेज तयार केले तरी ते अखेरच्या बिटपर्यंत तेच निघावे, यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून प्रयत्न सुरू आहेत. त्यामुळे पॅकेज तयार होताना झालेली लबाडी उघड होऊ शकते. तथापि, सोर्स कोडच दूषित असेल, तर तो वाचणारा जाणकारच हवा. मुक्तस्रोत पद्धत तपासणीची संधी देते. तपासणी माणसालाच करावी लागते.

सामान्य वापरकर्त्याने यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. नित्याच्या कामासाठी ‘स्टेबल’ आवृत्ती वापरावी, पॅकेज अधिकृत भांडारातूनच घ्यावे आणि सुरक्षा अपडेट मात्र विनाविलंब बसवावे. नव्या सोयी काही महिने उशिरा मिळाल्या तरी चालेल. दरम्यानच्या काळात त्या अनेकांच्या नजरेखालून गेलेल्या असतात.