समुद्रतळाखालील खडकांमधील भूकंपतरंगवेगाचे मापन

समुद्रतळाखालच्या खडकांमधून भूकंपतरंग किती वेगाने जातात, हे जहाजावर, प्रयोगशाळेत किंवा थेट वेधनछिद्रात मोजण्याची ही पद्धती आहे. खडकाची स्थितिस्थापकता आणि घनता यांवर हा वेग ठरतो. दाब-प्रसरणाचे पी तरंग सर्वांत आधी पोहोचतात. त्यांच्यामागून येणारे एस तरंग खडकाला आडवे हलवतात आणि द्रवातून जाऊ शकत नाहीत. जहाजावरून केलेल्या सर्वेक्षणात किती खोलीवर किती वेग आहे, एवढे कळते. तो वेग कोणत्या खडकाचा, हे ठरवायला मात्र खडकच हाती लागावा लागतो.

क्रोएशियाचे आंद्रिया मोहोरोविचिच यांनी 1909 च्या भूकंपाच्या नोंदींवरून कवच आणि प्रावरण यांमधली सीमा ओळखली. तिच्याखाली पी तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे 8 कि.मी. होतो. खंडांखाली ही सीमा साधारण 30 ते 40 कि.मी. खोल असते, तर महासागराच्या तळापासून ती जेमतेम 6-7 कि.मी. खाली असते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झालेल्या सर्वेक्षणांतून सागरी कवचाचे तीन थर पुढे आले : वर मऊ गाळ, त्याखाली सेकंदाला सुमारे 2.5 ते 6.5 कि.मी. वेगाचा दुसरा थर आणि त्याखाली 6.5 ते 7.2 कि.मी. वेगाचा तिसरा. दुसरा थर बेसाल्टचा (झटकन थिजलेल्या लाव्हाचा खडक) आणि तिसरा गॅब्रोचा (खोलवर सावकाश थिजलेला खडक), असे समीकरण मांडले गेले. समुद्रात खोल वेधन झाल्यावर त्याची कसोटी लागली.

मोजण्याची रीत साधी आहे. वेधनातून आलेल्या गाभ्यातून काही सेंटिमीटरचा घन कापतात, तो समुद्राच्या पाण्यात मुरवतात आणि दाबविद्युत् स्फटिक बसवलेल्या दोन पट्ट्यांमध्ये धरतात. एक स्फटिक स्पंद सोडतो, दुसरा तो टिपतो. अंतराला वेळेने भागले की वेग मिळतो. 2 सें.मी.च्या घनात सेकंदाला 5 कि.मी. वेगाचा तरंग 4 मायक्रोसेकंदांत पार होतो, म्हणून वेळेतली लहानशी चूकही महागात पडते. त्यासाठी आधी वेग माहीत असलेल्या पदार्थांवर उपकरण जुळवून घेतात. घनाच्या तिन्ही दिशांनी मोजले तर दिशेनुसार पडणारा फरकही कळतो.

खरी अडचण खडक वर आणण्यात आहे. वरचा भार जाताच त्यातल्या सूक्ष्म भेगा उघडतात आणि वेग घटतो. म्हणून नमुना द्रवाच्या दाबाखाली ठेवून मोजतात. हार्वर्डचे फ्रान्सिस बर्च यांनी 1960 मध्ये 10 किलोबारपर्यंतच्या दाबाखाली मोजलेले वेग प्रसिद्ध केले. पुढे निकोलस क्रिस्टेनसन यांनी महासागरी खडकांवर हेच काम विस्ताराने केले.

दुसरा प्रश्न मापाचा. प्रयोगशाळेतला तरंग काही लाख हर्ट्‌झचा असतो आणि त्याची लांबी सेंटिमीटरभर. सर्वेक्षणातला तरंग काही शे मीटर लांब. त्यामुळे घनात न मावणाऱ्या मोठ्या भेगा सर्वेक्षणाच्या वेगात धरल्या जातात. छिद्रात सोडलेले ध्वनिमापक या दोन टोकांमधला दुवा ठरतात.

पूर्व प्रशांत महासागरात कोस्टा रिका रिफ्टच्या दक्षिणेला असलेल्या 504बी या छिद्राने जुने समीकरण हलवले. 1979 मध्ये सुरू झालेले हे छिद्र 1993 पर्यंत समुद्रतळाखाली 2,111 मीटर गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या थराची भूकंपीय सीमा ओलांडूनही गॅब्रो लागला नाही. सीमा उभ्या डाइकांच्या, म्हणजे भेगांत थिजलेल्या बेसाल्टच्या भिंतींच्या, आतच होती. तिथे खडकाचा प्रकार बदललेला नव्हता, बदलली होती ती सच्छिद्रता आणि गरम पाण्याने झालेली खनिजांची घडण. त्याच महासागरातल्या 1256डी छिद्रात याच्या उलट घडले. तिथे 2005 मध्ये गॅब्रो लागला, पण त्या खोलीवरचा वेग दुसऱ्या थराचाच होता.

एकच वेग दोन वेगळ्या खडकांचाही असू शकतो. तिसरा थर सर्पेंटाइन झालेल्या पेरिडोटाइटचा, म्हणजे प्रावरणातल्या खडकाचा आहे, असे भूशास्त्रज्ञ हॅरी हेस यांनी 1962 मध्ये मांडले होते. पाणी मुरून अंशतः बदललेल्या या खडकात पी तरंग गॅब्रोइतक्याच वेगाने जाऊ शकतात, पण एस तरंग अधिक मंदावतात. हा फरक मोजून क्रिस्टेनसन यांनी 1972 मध्ये गॅब्रोची बाजू बळकट केली. पेरिडोटाइटमधल्या ऑलिव्हिन खनिजात तर पी तरंगाचा वेग दिशेनुसार सेकंदाला सुमारे 7.7 ते 9.9 कि.मी. असा बदलतो. म्हणूनच प्रावरणातल्या वेगाचा दिशाभेद खडक कोणत्या दिशेने वाहिला, ते सांगतो.

खडक हाती लागल्याशिवाय प्रश्न सुटत नाही, याचे भारताजवळचे उदाहरण म्हणजे अरबी समुद्रातले लक्ष्मी खोरे. त्याचे कवच खंडीय की सागरी, हा वाद जुना आहे. 2015 मध्ये ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या जहाजाने तिथे एक किलोमीटरहून जाड गाळ भेदून बेसाल्ट मिळवला. मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी धनंजय पांडे हे गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक आणि महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ होते.

त्याआधी 2006 मध्ये हेच जहाज भारताच्या गॅस हायड्रेट मोहिमेवर कृष्णा-गोदावरी खोऱ्यात गेले होते. पाणी आणि वायू मिळून बनलेले बर्फासारखे हायड्रेट गाळातला वेग वाढवते, तर त्याखाली अडकलेला मोकळा वायू तो घटवतो. दाब उतरला की हायड्रेटचे विघटन होऊन वायू सुटतो, म्हणून काही गाभे समुद्रतळाखालचा दाब कायम ठेवून वर आणले गेले आणि त्या दाबातच त्यांच्यातला पी तरंगांचा वेग मोजला गेला.