नकाशा जगाचा, परवानगी देशाची

भ्रमणध्वनीवरील नकाशात एखादी नवी सुविधा आल्याची बातमी येते, वाचक ती शोधू लागतो आणि त्याच्या भ्रमणध्वनीत ती सापडत नाही. शेजाऱ्याकडे मात्र ती असते. कधी ती लंडन-टोकियोत सुरू झालेली असते आणि मुंबई-पुण्यात तिचा मागमूसही नसतो. अशा बातमीच्या अखेरीस ‘ही सुविधा जगभर टप्प्याटप्प्याने उपलब्ध होईल’ असे एक वाक्य हमखास असते. ते औपचारिक वाटले, तरी त्यामागे माहिती, कायदा, भाषा आणि नागरिकांची संमती अशा चार गोष्टींचा हिशेब असतो. गुगल मॅप्स या सर्वपरिचित नकाशासेवेचा गेल्या दोन दशकांचा प्रवास पाहिला, तर कोणती सुविधा कोणत्या देशात केव्हा पोहोचावी, हे बहुतांशी या चार गोष्टींनीच ठरवल्याचे दिसते.

अमेरिकेपुरता नकाशा

लार्स आणि येन्स रासमुसेन या डॅनिश बंधूंनी दोन सहकाऱ्यांसह सिडनीत उभारलेली ‘व्हेअर टू टेक्नॉलॉजीज’ ही छोटी कंपनी गुगलने २००४ मध्ये विकत घेतली. त्याच वर्षी उपग्रहचित्रांचे तंत्र असलेली ‘कीहोल’ ही कंपनीही गुगलकडे आली. ८ फेब्रुवारी २००५ रोजी गुगल मॅप्स सुरू झाले, तेव्हा ते संगणकाच्या पडद्यापुरते आणि अमेरिकेपुरते मर्यादित होते. एप्रिलमध्ये ब्रिटनचा नकाशा आला आणि पुढे एकेक देश जोडला गेला. म्हणजे ‘आधी एक देश, मग इतर’ ही पद्धत या सेवेच्या जन्मापासूनची आहे.

अपडेट केले, तरी दिसत नाही

यातील पहिले कारण निव्वळ तांत्रिक आहे. ॲपची नवी आवृत्ती एकाच वेळी सर्वांना दिली जातेच असे नाही. अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरवर निर्मात्याला नवी आवृत्ती आधी काही टक्के वापरकर्त्यांनाच देण्याची सोय आहे. त्यांच्याकडे ॲप वारंवार बंद पडू लागले, तर वितरण तेथेच थांबवता येते आणि दोष कोट्यवधी लोकांपर्यंत जात नाही.

दुसरी पायरी याहून सूक्ष्म आहे. नव्या सुविधेचा आज्ञासंच अनेकदा वापरकर्त्याच्या भ्रमणध्वनीत आधीच येऊन पडलेला असतो; पण ती सुविधा सुरू करण्याची कळ कंपनीच्या सर्व्हरवर असते. देश, भाषा, भ्रमणध्वनीचा प्रकार किंवा वापरकर्त्याचे खाते यांनुसार ती दाबली जाते. त्यामुळे एकाच घरातील, एकाच आवृत्तीच्या दोन भ्रमणध्वनींत वेगळ्या सुविधा दिसू शकतात आणि पुन:पुन्हा अपडेट करूनही काही साधत नाही. हा विलंब मात्र काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा असतो. वर्षानुवर्षांच्या विलंबाची कारणे वेगळी आहेत.

माहिती आधी, सुविधा नंतर

रस्त्यावरील गर्दी दाखवणारी सुविधा फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेतील तीसहून अधिक शहरांत सुरू झाली. ऑगस्ट २००९ मध्ये गुगलने प्रवाशांच्याच भ्रमणध्वनींकडून येणाऱ्या वेगाच्या माहितीचा आधार तिला दिल्याचे जाहीर केले. ही माहिती ओळख पुसून वापरली जाते, असे कंपनीचे सांगणे आहे. ज्या रस्त्यावरून असे भ्रमणध्वनी पुरेशा संख्येने जात नाहीत, तेथे लाल-हिरव्या रेषा कशाच्या आधारावर काढायच्या, हा प्रश्न यातून निर्माण होतो. भारतात ही सुविधा २०१२ मध्ये मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद आणि पुणे या सहा शहरांत आली. सुरुवात मोठ्या शहरांतून का होते, याचे उत्तर या यादीतच आहे.

सार्वजनिक वाहतुकीची गोष्टही अशीच. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या ‘ट्रायमेट’ या वाहतूक संस्थेने आपली वेळापत्रके गुगलला उपलब्ध करून दिली आणि नकाशावर बस-रेल्वेचा मार्ग दाखवण्याचा पहिला प्रयोग झाला. त्यातूनच वेळापत्रके मांडण्याचा ‘जीटीएफएस’ हा आज जगभर रूढ असलेला साचा तयार झाला. ज्या शहराच्या वाहतूक संस्थेने आपली माहिती या साच्यात बसवून खुली केली, त्या शहराच्या बसगाड्या नकाशावर लवकर आल्या. जून २०१९ मध्ये मुंबई व पुण्यासह भारतातील दहा शहरांत रस्त्यावरील गर्दीनुसार बसचा प्रवासकाळ सांगण्यास गुगलने सुरुवात केली, तेव्हाही वाहतूक संस्थांचे वेळापत्रक हाच तिचा पाया होता. सुविधा कंपनीची असली, तरी तिचा कच्चा माल अनेकदा स्थानिक संस्थेच्या कपाटात असतो.

पेंग्विन आधी, नाशिक नंतर

कायदा आणि संमती यांचा प्रभाव सर्वाधिक जाणवला, तो ‘स्ट्रीट व्ह्यू’ या सुविधेच्या बाबतीत. मोटारीवर बसवलेल्या कॅमेऱ्याने रस्त्याची चहूबाजूंची छायाचित्रे टिपून ती नकाशाला जोडणारी ही सुविधा २५ मे २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, लास व्हेगास, डेन्व्हर आणि मायामी या पाच शहरांत सुरू झाली. जुलै २००८ मध्ये ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीचा मार्ग दाखवत ती युरोपात गेली आणि ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलिया व जपानमध्ये पोहोचली. सप्टेंबर २०१० मध्ये तर अंटार्क्टिकावरील पेंग्विनही घरबसल्या पाहता येऊ लागले आणि सातही खंड व्यापल्याची घोषणा झाली.

भारतात मे २०११ मध्ये बेंगळुरूत या मोटारी रस्त्यावर उतरल्या. परंतु पोलिसांनी सुरक्षेच्या कारणावरून आक्षेप घेतल्याने जूनमध्ये काम थांबले. मधल्या काळात पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या सहकार्याने ताजमहालासारख्या वारसास्थळांची दृश्ये तेवढी उपलब्ध झाली. देशव्यापी चित्रीकरणाचा प्रस्ताव २०१६ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नाकारला. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यापूर्वी दहशतवाद्यांच्या हस्तकाने केलेली टेहळणी सुरक्षा यंत्रणा विसरल्या नव्हत्या.

कोंडी फुटली ती धोरण बदलल्यावर. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने भूस्थानिक माहितीविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. रस्त्यांचे असे चित्रीकरण भारतीय संस्थांनीच करावे, ठरावीक मर्यादेपेक्षा सूक्ष्म माहिती देशातच साठवावी आणि परदेशी कंपन्यांनी ती परवान्याने वापरावी, अशी ती व्यवस्था होती. त्यानुसार २७ जुलै २०२२ रोजी जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्र या भारतीय कंपन्यांनी टिपलेल्या छायाचित्रांसह स्ट्रीट व्ह्यू दहा शहरांत सुरू झाले. मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही त्यांतील चार शहरे महाराष्ट्रातील होती. दीड लाख किलोमीटर रस्त्यांची दृश्ये पहिल्या टप्प्यात आली. छायाचित्रण सर्वस्वी स्थानिक कंपन्यांवर सोपवण्याची गुगलची जगातील ती पहिलीच वेळ होती. पाच अमेरिकी शहरांपासून नाशिकपर्यंतच्या या वाटेला पंधरा वर्षे लागली.

नकाराचे जर्मन रूप

भारतात अडवणूक सरकारने केली, तर काही देशांत ती नागरिकांनी केली. एप्रिल २००९ मध्ये इंग्लंडमधील ब्रॉटन गावच्या रहिवाशांनी मानवी साखळी करून गुगलची मोटार परत पाठवली. मे २००९ मध्ये ग्रीसच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने काम थांबवले. त्याच वर्षी जपानमध्ये कुंपणांवरून घरांत डोकावणाऱ्या कॅमेऱ्यांविषयी तक्रारी झाल्या आणि कंपनीला कॅमेऱ्याची उंची ४० सेंटिमीटरने कमी करावी लागली.

सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीचे. तेथे नोव्हेंबर २०१० मध्ये वीस शहरांची दृश्ये प्रसिद्ध होण्यापूर्वीच सुमारे २ लाख ४४ हजार कुटुंबांनी आपले घर अस्पष्ट करण्याची मागणी नोंदवली होती. त्याच वर्षी या मोटारींनी वाटेतील असुरक्षित वाय-फाय जाळ्यांवरील खासगी मजकूरही टिपल्याचे गुगलला मान्य करावे लागले होते. त्यामुळे अविश्वास अधिक वाढला. एप्रिल २०११ मध्ये कंपनीने जर्मनीत नवी दृश्ये प्रसिद्ध न करण्याचे ठरवले आणि ती थेट २०२३ मध्ये पुन्हा आली. दोन हुकूमशाह्यांची पाळत अनुभवलेल्या समाजाला दारासमोरचा कॅमेरा निरुपद्रवी वाटला नाही, यात नवल नाही.

दक्षिण कोरियाची हरकत आणखी वेगळी. तपशीलवार नकाशांची माहिती देशाबाहेर नेऊ देण्याची गुगलची विनंती तेथील सरकारने २००७ आणि २०१६ मध्ये नाकारली. परिणामी, तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या या देशात वर्षानुवर्षे गुगल मॅप्सवर वाहन चालवण्याचा मार्ग मिळत नव्हता आणि स्थानिक ॲपनी ती जागा घेतली. चीनमध्ये तर नकाशांना ‘जीसीजे-०२’ ही मुद्दाम स्थानबदल करणारी प्रणाली बंधनकारक आहे. त्यामुळे उपग्रहचित्रावर रस्ते शेकडो मीटर सरकलेले दिसू शकतात. वादग्रस्त सीमारेषाही पाहणारा कोणत्या देशात आहे, यावरून बदलतात. काश्मीरची सीमा भारतातून पाहताना अखंड दिसते, इतरत्र तुटक. ‘जगाचा एकच नकाशा’ प्रत्यक्षात कधीच अस्तित्वात नव्हता.

भारतातून जगाकडे

हा प्रवास नेहमी पश्चिमेकडूनच झाला, असे मात्र नाही. ‘मारुतीच्या देवळापासून डावीकडे’ असा पत्ता सांगणाऱ्या देशात रस्त्यांच्या नावांवर विसंबलेले मार्गदर्शन निरुपयोगी ठरते, हे लक्षात आल्यावर डिसेंबर २००९ मध्ये ठळक खुणांच्या आधारे रस्ता सांगण्याची पद्धत भारतासाठी आणली गेली. नागरिकांनीच नकाशात भर घालावी, अशी ‘मॅप मेकर’ ही २००८ मधील सुविधा बेंगळुरूच्या अभियंत्यांनी घडवली. दुचाकीसाठी स्वतंत्र मार्ग डिसेंबर २०१७ मध्ये प्रथम भारतात आला आणि नंतर आग्नेय आशियातील देशांत गेला. जानेवारी २०२१ मध्ये रोमन लिपीतील स्थळनामे मराठीसह दहा भारतीय भाषांत आपोआप लिप्यंतरित करण्याची व्यवस्था जाहीर झाली. मराठीत ‘दवाखाना’ शोधणाऱ्याला इंग्रजी पाटीचे रुग्णालय सापडणे, हा त्याचा व्यावहारिक लाभ.

जुलै २०२४ मध्ये उड्डाणपुलावर चढायचे की खालून जायचे, हे सांगणारी सूचना चाळीस भारतीय शहरांत आली. मोटारींना अरुंद गल्ल्या टाळण्यास मदत करणारी सुविधा मात्र त्याच वेळी आठच शहरांत सुरू झाली आणि त्यांत मुंबई-पुण्याचा समावेश नव्हता. दुसरीकडे, शहराचे त्रिमितीय दृश्य दाखवणारी ‘इमर्सिव्ह व्ह्यू’ फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्या पाच शहरांत आली, त्यांत एकही भारतीय शहर नव्हते.

प्रश्न केवळ सोयीचा नाही

नकाशा अपुरा वा जुना असण्याची किंमत कधी जिवाने मोजावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील अर्धवट पुलावरून मोटार कोसळून तिघांचा मृत्यू झाला. ते ॲपने दाखवलेल्या मार्गाने जात असल्याचे सांगण्यात आले. पुलावर वाहने रोखणारे पुरेसे अडथळे नव्हते, असेही पोलिसांनी म्हटले. नकाशाची अचूकता केवळ कंपनीवर नाही, तर रस्ता बंद झाल्याची माहिती वेळेवर देणाऱ्या आणि तेथे फलक लावणाऱ्या सरकारी यंत्रणेवरही अवलंबून असते, हे या दुर्घटनेने दाखवले. पडद्यावरच्या निळ्या रेषेपेक्षा समोरचा रस्ता खरा मानावा, हा धडा प्रवाशांनीही घ्यावा असा आहे.

नागरिकांच्या हाती काही साधने आहेत. स्ट्रीट व्ह्यूवरील दृश्य कोणत्या महिन्यात व वर्षी टिपले, ते पडद्यावर नोंदलेले असते. ते पाहिल्याशिवाय दुकान वा वळण तेथे आजही आहे, असे समजू नये. चेहरे आणि वाहनांचे क्रमांक आपोआप अस्पष्ट केले जातात. तसे झाले नसेल किंवा आपले घर दिसू नये असे वाटत असेल, तर ‘अडचण कळवा’ या पर्यायातून मागणी करता येते. मात्र, एकदा अस्पष्ट केलेले घर पुन्हा स्पष्ट करता येत नाही. चुकीचे नाव, बंद रस्ता किंवा नवा पूल यांची दुरुस्तीही कोणालाही सुचवता येते आणि लहान गावांसाठी हाच अनेकदा एकमेव मार्ग असतो.

‘टप्प्याटप्प्याने’ या शब्दामागे कोण आधी आणि कोण नंतर, याचा हा निर्णय असतो. दाट वस्तीच्या, पैसा खेळणाऱ्या शहरांची बाजारपेठ कंपनीला आधी दिसते. तालुक्याच्या गावाची पाळी शेवटी येते. जर्मन कुटुंबांनी आणि भारतीय धोरणकर्त्यांनी वेगवेगळ्या मार्गांनी एक गोष्ट सिद्ध केली, की सुविधा कोणत्या अटींवर यावी, हे ठरवण्याची ताकद समाजाकडे असते. तीच ताकद गावोगावच्या एस.टी.चे वेळापत्रक खुले करण्यासाठी आणि तुटलेल्या पुलाची नोंद त्याच दिवशी नकाशावर जाण्यासाठी वापरली गेली, तर शेवटच्या गावाची प्रतीक्षा नक्कीच कमी होईल.