कांचनजंगा : मुंबईतील उच्चभ्रू निवासी इमारतीची रचना आणि ओसरीचा प्रश्न

प्रस्तावना

निवासी वास्तूंच्या इतिहासाकडे पाहताना सामान्यतः दोन टोके विचारात घेतली जातात. एका टोकाला वाडे, चाळी यांसारखी पारंपरिक घरे आणि दुसऱ्या टोकाला महानगरांतील उंच इमारती. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, अवसरी खुर्द, मंचर, जुन्नर या परिसरातील जुन्या घरांना ओसरी किंवा पडवी असे. ती पूर्णपणे घरात नसे आणि पूर्णपणे बाहेरही नसे. ऊन आणि पाऊस अडवून वारा आत सोडणे हे तिचे काम होते. आल्यागेल्याचे बसणे-उठणे, धान्य निवडणे, मुलांचा अभ्यास हे सारे तिथेच चाले. महानगरातील उंच इमारतीत या ओसरीचे काय झाले, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधात मुंबईतील ‘कांचनजंगा’ या इमारतीच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

पूर्वपीठिका

मुंबईत मध्यम व उच्च वर्गासाठी सदनिकांच्या इमारती मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या त्या 1930 नंतर. बॅकबे भरावामुळे उपलब्ध झालेल्या जमिनीवर मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदान परिसरात आर्ट डेको शैलीतील इमारती उभारल्या गेल्या. 2018 मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि मरीन ड्राइव्हसह या आर्ट डेको वास्तुसमूहाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. या इमारतींना बाल्कनी होती आणि खिडक्यांवर लांब छज्जे होते. हवामानाचे भान त्यांतून सुटले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर घरमालकीचे स्वरूप बदलले. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे किफायतशीर राहिले नाही. 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1963 चा मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा आणि 1970 चा अपार्टमेंट मालकी कायदा यांमुळे सदनिका ही विकत घेण्याची वस्तू ठरली. वस्तू म्हटली की तिचे माप आले. घराचे मोल चौरस फुटांत ठरू लागले आणि उघड्या जागेचे स्थान साहजिकच दुय्यम झाले.

रचनेमागील पेच

कांचनजंगा ही इमारत दक्षिण मुंबईत कंबाला हिल येथे आहे. तिची रचना चार्ल्स कोरिया (1930-2015) यांनी प्रवीणा मेहता यांच्या सहयोगाने केली. संरचना अभियंता शिरीष पटेल होते. आराखड्यापासून पूर्णत्वापर्यंतचा काळ 1970 ते 1983 असा आहे.

मुंबईत समुद्रावरून येणारा वारा घरातून खेळवायचा तर घर पूर्व-पश्चिम उघडे हवे. पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस बंदर असल्याने उत्तम देखावेही याच दिशांना आहेत. परंतु तापदायक ऊन याच बाजूंनी येते आणि पावसाळ्यातील जोराच्या सरींचा मारा पश्चिमेकडून होतो. जुन्या बंगल्यांनी खोल्यांभोवती व्हरांड्याचे कडे घालून हा पेच सोडवला होता. कोरिया यांनी आधीच्या ‘सोनमर्ग’ (1961-66) या इमारतीत मुख्य खोल्यांच्या बाहेरच्या बाजूस व्हरांडा, अभ्यासिका, न्हाणीघर अशा दुय्यम जागांचा पट्टा ठेवून याच मार्गाचा अवलंब केला होता. कांचनजंगामध्ये व्हरांड्याचे रूपांतर गच्ची-बागेत झाले.

रचना व बांधकाम

इमारतीचा पाया सुमारे 21 मीटर चौरस असून उंची सुमारे 84 मीटर, म्हणजे पायाच्या चौपट आहे. 28 मजल्यांत केवळ 32 सदनिका आहेत. तीन ते सहा शयनकक्षांच्या या सदनिका चार प्रकारच्या आहेत. त्या छेदात एकमेकींत गुंफलेल्या असून प्रत्येक सदनिका पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार जाते. त्यामुळे वाऱ्याला शिरण्यास व बाहेर पडण्यास वाट मिळते. कोपऱ्यांवर दोन मजले उंचीच्या गच्च्या आहेत. बाहेरून पाहताना पांढऱ्या चौकोनी ठोकळ्याचे कोपरे कापून काढल्यासारखे दिसतात आणि आतील रंगीत भिंती नजरेत भरतात. इमारतीवर अन्य अलंकरण जवळजवळ नाही.

इतक्या सडपातळ इमारतीत वाऱ्याचा आडवा दाब हा मोठा प्रश्न असतो. उद्‌वाहने सामावणारा मधला काँक्रीटचा गाभा हा दाब पेलतो. हा गाभा वर सरकत जाणाऱ्या साच्याच्या, म्हणजे स्लिपफॉर्म पद्धतीने, उर्वरित इमारतीच्या आधी उभारण्यात आला. कोपऱ्यांतील गच्च्यांना बाहेरच्या टोकाशी खांबाचा आधार नाही. म्हणजेच ओसरी उंचावर नेण्यासाठी अभियांत्रिकीला बरेच मोल मोजावे लागले.

एकाच वर्षातील दोन कामे

या इमारतीचा विचार केवळ श्रीमंतांचे घर म्हणून केला तर इतिहासाचा अर्धाच भाग हाती लागतो. कोरिया, मेहता आणि पटेल याच तिघांनी 1965 मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली होती. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि कोरिया नव्या मुंबईचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. त्याच वर्षी कांचनजंगाच्या आराखड्यास आरंभ झाला. एकीकडे 32 कुटुंबे आणि दुसरीकडे लाखो लोकांचे शहर, अशी ही विसंगती दिसते.

या विसंगतीचे उत्तर काही अंशी बेलापूर येथील वसाहतीत (1983-86) मिळते. सुमारे 6 हेक्टर जागेवर सुमारे 550 कुटुंबांसाठी कोरिया यांनी बैठी व एकमजली घरे योजली. सात-सात घरे एका लहान अंगणाभोवती, अशी ही मांडणी होती. प्रत्येक घराला स्वतःची उघडी जागा होती आणि ऐपतीप्रमाणे घर वाढवण्याची मुभा होती. उष्ण हवामानात आकाशाखालची जागा ही खोलीइतकीच उपयोगाची असते, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी एकच आहे. फरक किमतीचा आहे. जमिनीवर जे अंगण स्वस्तात मिळते, ते ऐंशी मीटर उंचीवर केवळ धनिकांनाच परवडते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की कांचनजंगातील खरी चैन संगमरवरात वा झुंबरात नसून ओसरीत आहे. एकेकाळी साध्या शेतकऱ्याच्या घरी सहज असलेली गोष्ट महानगरात विलासाची खूण ठरली. पुढील काळात उच्चभ्रू इमारतींतही काचेच्या भिंती व वातानुकूलन रूढ झाल्याने तिची गरज कोणाला भासेनाशी झाली. मुंबई-पुण्यात बाल्कनी बंद करून खोलीत घेण्याची प्रथा सर्रास पडली. स्थावर संपदा अधिनियम, 2016 मधील चटई क्षेत्राच्या व्याख्येतही बाल्कनी, व्हरांडा व खुली गच्ची यांचा समावेश होत नाही. व्याख्येचा हेतू ग्राहकाची फसवणूक टाळण्याचा असला, तरी घर म्हणजे भिंतींच्या आतील जागा हा समज त्यातून दृढ होतो.

आज तालुक्याच्या गावांतही सदनिकांच्या इमारती उभ्या राहत आहेत. तेथे जमिनीची टंचाई मुंबईइतकी नाही, तरी आराखडे मात्र मुंबईचेच उचलले जातात आणि तेही कांचनजंगाचे नव्हे, तर ओसरी गमावलेल्या मुंबईचे. ज्या परिसरात ओसरी अद्याप लोकांच्या स्मरणात आहे, तेथेच ती नव्या आराखड्यातून वगळली जावी, हे शोचनीय आहे. ओसरी ही चैन की गरज, याचा निर्णय बाजारभावावर न सोडता हवामान व जीवनरीती यांच्या आधारे व्हावा, एवढा बोध या इमारतीच्या इतिहासातून निश्चितच घेता येतो.