मामाची मर्सिडीज

गेल्या हिवाळ्यात मी मर्सिडीज घेतली. हे वाक्य मुद्दाम इथंच थांबवतो, कारण आमच्या कॉलनीतही ते इथंच थांबलं होतं. पुढचा 'ट्रक' हा शब्द लोकांपर्यंत पोचायला चार दिवस लागले. तेवढ्यात दोघांनी माझ्याकडे उसने पैसे मागितले आणि एकाने चिरंजीवांसाठी स्थळ आणलं. पाचव्या दिवशी तिघंही दिसेनासे झाले.

पण ट्रकला मर्सिडीज म्हणणं ही थाप नव्हे, इतिहास आहे. जमशेदपूरची टेल्को कंपनी १९४५ साली निघाली आणि रेल्वेची इंजिनं बनवू लागली. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि ट्रक बनवायला घेतले. जर्मनीत बड्या लोकांच्या मोटारींवर झळकणारा तीन टोकांचा तारा आपल्याकडे ऊस, कापूस, कांदे आणि प्रसंगी वऱ्हाडं वाहणाऱ्या लांब नाकाच्या गाड्यांवर आला. १९६९ मध्ये करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' बसला.

माझा मामा ह्या इतिहासात १९६४ साली शिरला, तोही उघड्यावरून. त्या काळी ट्रक कारखान्यातून निघायचा तो बहुधा चासी म्हणून. इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि लोखंडी सांगाडा, संपला ट्रक! केबिन नाही, दार नाही, बसायला धड सीट नाही. उसाला एक बॉडी लागते, पाण्याच्या टाकीला दुसरी. म्हणून ज्याने त्याने आपल्या भागातल्या सुतार-लोहारांकडून ती बांधून घ्यायची. पण तोवर हा सांगाडा जमशेदपूरहून कऱ्हाडला आणायचा कुणी? तर आमच्या मामाने.

खोक्याची फळी, तिच्यावर पोतं, डोक्याला मफलर, डोळ्यांना गॉगल. संबळपूर, रायपूर, नागपूर करत दीड हजार किलोमीटरांहून अधिक वारा खायचा, गाडी मालकाच्या दारात उभी करायची, चलनावर सही घ्यायची आणि रेल्वेच्या थर्ड क्लासने पुन्हा जमशेदपूर. अधेमधे घरी आलाच तर आधी अंगणात धूळ झटकायचा. मग मामी त्याला ओळखायची. अशा शेकडो गाड्या त्याने आणल्या, पण बॉडी चढलेली गाडी चालवायला कधी मिळाली नाही. "नवरी आणायची आम्ही, शालू नेसवणार दुसरा," असं म्हणायचा.

मामा आता त्र्याऐंशीचा आहे. रायपूरकडे एका बंद पडलेल्या राईस मिलच्या आवारात १९६७ ची ताऱ्याची गाडी उभी आहे असं एका स्नेह्याने सांगितलं, आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

"अहो, आपल्याकडे स्कूटर ठेवायला जागा नाही," सौ. म्हणाली.

"मामाच्या परड्यात ठेवू."

"आणि पैसे? तेही मामांच्या परड्यात आहेत का?"

ह्या प्रश्नाला उत्तर न देता मी रायपूरची गाडी पकडली.

मिलवाल्याने पोत्यांच्या ढिगामागून ट्रक दाखवला. लाकडी केबिन, एका दाराला दोरी, टायरांत गवत. पण जाळीवर तारा शाबूत. "मर्सिडीज है साहब," तो गंभीरपणे म्हणाला आणि भावही मर्सिडीजचाच सांगितला. मी भंगाराचा सांगितला. दोन चहा आणि एका जेवणानंतर आम्ही मध्ये कुठंतरी भेटलो. मामाच्या रस्त्यानेच गाडी चालवत न्यायची असा माझा बेत होता. इंजिन एकदा सुरूही झालं. ब्रेक मात्र कुठल्याच बाबतीत माझ्याशी सहमत होईना.

शिवाय कायदा. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम केले, 'व्हीए' अक्षरांचा खास नंबरही ठेवला. पण हा मान दुचाक्यांना आणि मोटारींना. मालवाहू ट्रक त्यात नाही. म्हणजे शेटजींची मोटार म्हातारी झाली की व्हिंटेज, आणि शेटजींचा माल वाहणारा म्हातारा झाला की भंगार! नियम वाचताना मला ट्रकपेक्षा मामाच जास्त आठवला.

शेवटी ट्रेलर ठरवला. क्रेनने गाडी वर चढवली, साखळ्यांनी जखडली. बिल्टी करताना कारकुनाने विचारलं, "माल क्या है?" मी म्हटलं, ट्रक. "ट्रक तो नीचे है, माल बताओ." जन्मभर दुसऱ्यांची पोती वाहिलेला गडी त्या दिवशी स्वतः पोतं झाला. ट्रेलरवाले सरदारजी मात्र भले माणूस. रात्री दव पडायला लागलं तशी त्यांनी न सांगता गाडीवर ताडपत्री घातली. "बुजुर्ग है जी," एवढंच म्हणाले. राजनांदगाव, भंडारा, नागपूर करत आम्ही पाचव्या दिवशी खंबाटकी चढलो. धाब्याधाब्यावर पिकल्या मिशांचे ड्रायव्हर येऊन बॉनेटवर हात ठेवून जात होते.

कऱ्हाडला मामा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. गाडी उतरवली. तो उठला, काठी टेकत एक फेरी मारली, ताऱ्यावरून बाहीने धूळ पुसली. मग मी आणि मामेभावाने त्याला वर चढवून स्टिअरिंगमागे बसवलं. बराच वेळ तो काहीच बोलला नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी सांगितलं, "मामा, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय."

"एसी?" मामा काच नसलेल्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "मला ह्यातसुद्धा कोंडल्यासारखं होतंय. वारा कुठाय?"

मी दाराची दोरी सोडली. तो जरा सैलावला. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं करून त्याने सीटखाली चाचपलं, मागे वळून पाहिलं आणि मला जवळ बोलावलं.

"चलनावर सही केलीस?"

"केली की. का?"

"अरे, जॅक नाही, पाने नाहीत, स्टेपनी नाही," मामा हळू आवाजात म्हणाला. "बघून घेतल्याशिवाय कधी सही करू नये. मी आणली असती तर सगळं मोजून दिलं असतं."

ट्रेलर केव्हाच निघून गेला होता. मामा तेवढा स्टिअरिंगवरचा हात काढायला तयार नव्हता.