अल्-जब्रची दूरची वाट

बदलापूरच्या खरवईतल्या एखाद्या दुकानात गल्ल्याजवळ चिकटवलेला क्यूआर कोड धुळीने थोडा पुसला, तरी मोबाइल तो अचूक वाचतो. ही किमया अमूर्त बीजगणिताची. या कोडचे गणित फक्त २५६ चिन्हांत चालते. त्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार (शून्याने सोडून) केला तरी उत्तर त्या २५६ मध्येच राहते. अशा रचनेला सांत क्षेत्र म्हणतात. कोडमध्ये काही जादा चिन्हे भरलेली असतात; पुसलेली चिन्हे त्यांवरून समीकरण सोडवून परत काढता येतात.

ज्ञातावरून अज्ञात काढण्याची ही रीत जुनी आहे. अल्-ख्वारिज्मी यांनी बगदादमध्ये इ. स. ८२० च्या सुमारास अल्-जब्रवर ग्रंथ लिहिला. त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या हिश्श्यांचा आहे. त्यांच्याच नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. पुढे १८३० मध्ये फ्रान्सच्या तरुण गॅल्वाने सांत क्षेत्रांचा सिद्धान्त मांडला.

मुंबईशीही या विद्येचे नाते आहे. शरदचंद्र श्रीखंडे (१९१७–२०२०) १९६३ पासून मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. सहा पलटणींचे, सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी असे उभे करा, की प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. हे जमत नाही. १० साठीही जमणार नाही, असे ऑयलरने १७८२ मध्ये म्हटले होते. सांत क्षेत्रांची नेहमीची युक्ती १० ला लागू पडत नाही. तरीही १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी ऑयलरला खोटे ठरवले.

त्याच वर्षी श्रीखंडे यांनी सोळा बिंदूंचा एक आलेख मांडला. प्रत्येक बिंदू सहांशी जोडलेला, कोणत्याही दोन बिंदूंचे सामाईक शेजारी दोनच. चार बाय चार पटावर बुद्धिबळातला हत्ती जसा फिरतो, त्या आलेखातही हेच आकडे येतात; पण दोन्ही आलेख वेगळे आहेत. बिंदूंच्या जोड्या तपासणारी एक नावाजलेली संगणकीय रीत त्यांतला फरक ओळखू शकत नाही. दोन आलेख एकच आहेत का, या प्रश्नावर बाबाई यांनी २०१५ मध्ये जी मोठी मजल मारली, तीही गटसिद्धान्ताच्या बळावर.

आपल्या वस्त्यांत संगणकाचे वर्ग आहेत. मुले प्रोग्रॅम चालवायला शिकतात, पण तो का चालतो हे सांगणारे गणित ‘आपल्याला कशाला’ म्हणून बाजूला राहते. वापरणाऱ्याला यंत्र बदलले की नव्याने शिकावे लागते; हे गणित जाणणाऱ्याचा इल्म यंत्राबरोबर जुना होत नाही. ही वाट बगदादहून मुंबईपर्यंत आलेली आहे. खरवईहून मुंबई लोकलच्या टप्प्यात आहे.