काळी, पांढरी आणि मळा: बीड जिल्ह्यातील भाजीपाल्याच्या खताचा इतिहास

बीड जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास बहुधा पाण्याच्या अंगाने सांगितला जातो आणि अवर्षणाच्या प्रदेशाविषयी तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु विहिरीखालच्या मळ्याला, म्हणजे मोटेच्या पाण्यावर वांगी, मिरची, कांदा, मेथी पिकवणाऱ्या छोट्या बागायती तुकड्याला, पाण्याइतकीच आणखी एका गोष्टीची चणचण पिढ्यान्‌पिढ्या भासत आली, आणि ती म्हणजे नत्र. पानांची हिरवाई आणि रोपाची वाढ ज्या द्रव्यावर अवलंबून असते, ते हे द्रव्य हवेत अमाप असले, तरी तेथून पिकाला थेट घेता येत नाही; जमिनीत जे थोडे साठते तेही भाजीपाला झपाट्याने उचलतो, कारण त्याचा हंगाम छोटा, मुळे बहुधा उथळ आणि तोडणी वारंवार असते.

बालाघाटच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत आणि नत्र गमावण्याची रीत दोन्हीकडे वेगवेगळी आहे. आष्टी-पाटोद्याकडील हलक्या, मुरमाड जमिनीत विरघळलेले नत्र पाण्याबरोबर मुळांच्या खाली झिरपून जाते आणि उतारावर वळवाची पहिली जोराची सर वरचा सकस थरच वाहून नेते. गोदावरीकाठच्या गेवराई-माजलगावच्या भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबले की हवेअभावी जिवाणू त्याच नत्राचे वायूत रूपांतर करतात. या जमिनींत चुना भरपूर असल्याने त्यांचा सामू, म्हणजे आम्लता किंवा विम्लता दाखवणारा अंक, अनेक ठिकाणी ८ च्या आसपास किंवा त्याहून वर असतो. त्यामुळे रानात उघडे पसरलेले शेण उन्हात वाळताना त्यातील नत्राचा मोठा भाग अमोनिया वायू होऊन उडून जातो.

मळ्याची परंपरा मात्र जुनी आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सरदार सलाबतखानाने बांधवलेल्या खजाना बावडी या विहिरीचे पाणी भूमिगत नळांतून बीड शहरालगतच्या बागायतीला मिळत आले. पाणी असे उताराने आपोआप येऊ शकते, पण त्या पाण्यावर वर्षाला दोन-तीन पिके घेतली की जमिनीतून जे जाते ते आपोआप परत येत नाही. ते कुठून तरी वाहून आणावे लागते. बीडच्या मळ्याचा खरा इतिहास या आणण्याचा आहे.

गावगाड्याने जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग मानले होते. काळी म्हणजे पिकाचे रान आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. धान्य, कडबा आणि सरपण काळीतून पांढरीत येई, आणि शेण, राख, केरकचरा उकिरड्यावर कुजून पुन्हा काळीत जाई. शतकानुशतके घरे पडत-बांधत उंच झालेल्या गावठाणाच्या टेकाडात राख, लेंड्या आणि कुजके साठत गेल्याने तेथील मातीला खताचे मोल आले होते. म्हणून ओसाड पडलेल्या जुन्या पांढरीची माती गाड्या भरून शेतात टाकण्याची रीत महाराष्ट्रभर रूढ होती. या रीतीने प्राचीन वसाहतींचे कितीतरी पुरावे नष्ट झाले याची खंत पुरातत्त्वज्ञांनी अनेकदा व्यक्त केली आहे आणि ती रास्तच आहे. तथापि ज्याने ती माती उचलली, तो आपल्याच पूर्वजांनी काळीतून उचललेले ऋण फेडत होता, हेही विसरता येत नाही.

या व्यवस्थेतील सर्वांत कुशल भाग धनगरांच्या कळपाचा होता. सुगी झाल्यावर मेंढरे शेतात बसवणे, म्हणजे धान्याच्या किंवा पैशांच्या मोबदल्यात कळप रात्री रानात मुक्कामाला ठेवणे, ही रीत मराठवाड्यात आजही दिसते. जनावराच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा सुमारे निम्मा वाटा मुतात असतो आणि गोठ्यात तो बव्हंशी वाया जातो. मेंढरे बसवली की लेंडीबरोबर मूतही थेट मातीत मुरते आणि लगेच पाळी घातली तर तेथेच टिकते. गोठ्यात भुसभुशीत माती किंवा पाचट अंथरून ते ओले झाल्यावर उकिरड्यात टाकण्याची काही शेतकऱ्यांची सवय याच जाणिवेतून आलेली होती. दिवसभर माळावर आणि डोंगरावर चरलेल्या कळपाने रात्री मळ्यात बसणे याचा अर्थ असा, की एकरभर वांग्यांमागे कित्येक एकर गवताचे रान उभे असे. मळा स्वतःच्या बळावर कधीच पिकला नाही.

दुसरा आधार बेवडाचा होता. बेवड म्हणजे आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी मागे ठेवलेला गुण. मुगाचा, हरभऱ्याचा किंवा भुईमुगाचा बेवड चांगला, हे ज्ञान शेतकऱ्याच्या तोंडी होतेच, पण त्याचे कारण शास्त्राला उशिरा उमगले. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र धरतात, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ च्या सुमारास दाखवून दिले. मळ्यातील मेथी, गवार आणि चवळी ही त्याच कुळातली असल्याने त्यांच्या मागोमाग मिरची किंवा कांदा घेणे ही सोयीची तशीच शहाणपणाची गोष्ट होती. ताग पेरून दीड महिन्याने, फुले लागण्याच्या सुमारास, जमिनीत गाडणे ही त्याचीच अधिक नेटकी रीत होय.

तरीही जुन्या काळाचा गौरव मर्यादेतच केला पाहिजे. सरपणाच्या टंचाईमुळे शेणाचा मोठा वाटा गोवऱ्या होऊन चुलीत जाई, आणि उघड्यावर उन्हापावसात पडलेल्या उकिरड्यातून नत्र उडून आणि वाहून जाई. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ साली मांडलेली इंदूर पद्धत, म्हणजे काडीकचरा, शेण आणि मूत मिसळलेली माती थरांनी रचून, ओलावा राखून, अधूनमधून उलथवून कुजवणे, ही या दोषावरचीच सुधारणा होती, आणि तिचा कच्चा माल गावातच पडलेला होता. शेण गोळा करणे आणि वाहणे या कामाचा भार स्त्रियांवर व खालच्या मानलेल्या जातींवर होता, हेही या इतिहासाचे अंग आहे.

ही घडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विस्कटली आणि त्याला एकच कारण नव्हते. मोटेच्या जागी इंजिन व विजेचे पंप आल्याने विहिरीवर बैल बांधण्याची गरज उरली नाही. १९७२ च्या दुष्काळाने आणि पुढच्या अवर्षणांनी गुरे घटवली. गायरानांचे क्षेत्र आक्रसले. त्यांतील काही जमिनी भूमिहीनांना मिळाल्या, आणि एकनाथ आवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी बीडमध्ये दिलेला लढा न्यायाचाच होता, परंतु चराईची पर्यायी सोय कुणी उभी केली नाही. ऊसतोडीच्या परिणामाविषयी सर्वांत कमी बोलले गेले आहे: बैलजोड्या घेऊन कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, म्हणजे जवळजवळ निम्मे वर्ष बीडच्या बैलांचे शेण परक्या फडात पडते.

ही उणीव युरियाने भरून काढली. ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते आणि चांगल्या कुजलेल्या शेणखताच्या टनात साधारण ५ किलो. म्हणजे एका गोणीची बरोबरी करायला ४ टनांहून अधिक शेणखत, बैलगाडीच्या आठएक खेपा लागतात. शेतकऱ्याने गोणी का निवडली, हे या हिशेबातच आहे, आणि त्यासाठी त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. पण चुनखडीयुक्त जमिनीवर वरवर फेकलेला युरिया उघड्या शेणासारखाच अमोनिया होऊन उडतो, आणि शेणखताप्रमाणे मागे सेंद्रिय अंश ठेवून पुढच्या नत्राला धरून ठेवत नाही. कडुनिंबातील द्रव्ये नत्राचे विरघळून वाहून जाणाऱ्या रूपात होणारे रूपांतर मंदावतात, हे सिद्ध झाल्यावर २०१५ साली देशात बनणाऱ्या सर्व युरियाला निंबतेलाचा लेप सक्तीचा झाला; बांधावरच्या झाडाचा गुण अशा रीतीने कारखान्यातून शेतात परतला.

आज भाजीपाल्यासाठी हेक्टरी २० ते २५ टन शेणखताची शिफारस केली जाते, आणि बीडच्या बहुतेक भाजीउत्पादकांच्या दावणीला तेवढे खत देणारी जनावरे राहिलेली नाहीत. म्हणून जे थोडे शेण उरले आहे ते उघड्या उकिरड्यावर न टाकता खड्ड्यात मातीने झाकावे, रानात पसरल्यावर त्याच दिवशी मातीआड करावे, आणि कांद्याआधी एकदा तरी ताग किंवा मूग जमिनीला द्यावा. यांतले काहीही विकत आणावे लागत नाही, तागाचे बी तेवढे लागते.