गुरुजींचा ड्राफ्ट आणि ६१७४



२ ऑगस्ट जवळ आला की आपल्या सिल्वासात १९५४ च्या गोष्टी निघतात. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजा वाकणकर ही नावं निघतात, आणि ती निघालीच पाहिजेत. मी मात्र आज एका वेगळ्या आठवणीबद्दल लिहितोय. ती आहे गणिताच्या परिषदांची. बँकेतल्या माणसाचा आणि गणिताच्या परिषदेचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध एका डिमांड ड्राफ्टपुरताच आला. पण तो पुरला.

१९८७ ची गोष्ट. माझी इथे बदली होऊन थोडेच महिने झाले होते. आमच्या शाखेत एक मराठी गुरुजी खातेदार होते. एकदा ते ड्राफ्टचा फॉर्म भरून घेऊन आले. रक्कम छोटीच होती, गणिताच्या एका परिषदेची नोंदणी फी. मी सहज विचारलं, "गुरुजी, शाळा पाठवतेय वाटतं?" ते म्हणाले, "नाही हो साहेब. माझी रजा, माझं तिकीट. दहा मिनिटं मिळणार आहेत बोलायला." दहा मिनिटांसाठी दोन रात्रींचा प्रवास! मी हसलो. माझं बघून काउंटरवरचे दोघे-तिघे हसले. "याने इन्क्रिमेंट मिळणार का गुरुजी?" असंही मी विचारल्याचं आठवतं. ते काही बोलले नाहीत. ड्राफ्ट घेतला, घडी घालून खिशात ठेवला.

पुढच्याच आठवड्यात आमची संध्याकाळची टॅली जुळेना. १८०० रुपयांचा फरक. हेड कॅशियरने आकडा बघितला आणि सांगितलं, "नवाने भाग जातोय. आकडे उलटे पडलेत, व्हाउचरं बघा." अर्ध्या तासात सापडलं, ४६३० च्या जागी ६४३० लिहिलं गेलं होतं. बँकेतल्या प्रत्येकाला ही युक्ती ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी गुरुजी पासबुक भरायला आले, तेव्हा मी जरा ऐटीतच त्यांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "पण नवानेच का जातो भाग?"

मला सांगता येईना. बी.कॉम. झालो होतो, चौदा वर्षं नोकरी झाली होती, आणि ज्या युक्तीवर शेकडो संध्याकाळी निभावल्या तिचं कारण मला माहीत नव्हतं. गुरुजींनी पे-इन स्लिपच्या मागे लिहून दाखवलं. ४ आणि ६ ची जागा बदलली. दोन्हींत फरक २ चा. एक जागा हजाराची, दुसरी शंभराची. हजारातून शंभर गेले की ९००. दोन वेळा ९०० म्हणजे १८००. कुठलेही दोन अंक बदला, दहातून एक, शंभरातून एक, हजारातून शंभर, वजा केलं की नऊ, नव्याण्णव, नऊशे असंच काहीतरी उरतं. नऊ सुटत नाही.

मग ते म्हणाले, "आपल्या डहाणूच्या माणसाने यातूनच एक गंमत काढली आहे." तो माणूस म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

वापीला गाडीत बसलं की भिलाड, संजाण, उंबरगाव, घोलवड करत आपण डहाणू रोडला पोचतो. त्या डहाणूत १७ जानेवारी १९०५ ला कापरेकर जन्मले. ठाण्याला शाळा, पुण्याला फर्ग्युसन कॉलेज. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. पुढे एम.ए., पीएच.डी. काही नाही. १९३० पासून १९६२ ला निवृत्त होईपर्यंत देवळालीला शाळामास्तर.

त्यांची गंमत अशी. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. आपण आपल्या मुक्तीचं साल घेऊ, १९५४.

९५४१ वजा १४५९ = ८०८२
८८२० वजा ०२८८ = ८५३२
८५३२ वजा २३५८ = ६१७४

आता ६१७४ चं करून बघा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. तिथेच थांबतं. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. आणि अर्थात त्यालाही नवाने भाग जातो.

हे कापरेकरांना १९४६ मध्ये सापडलं. लोकांपुढे कधी मांडलं? १९४९ मध्ये, मद्रासच्या गणित परिषदेत. तेव्हा आपलं सिल्वासा अजून पोर्तुगीजांकडे होतं. देवळालीचा एक शाळामास्तर मद्रासला जाऊन प्राध्यापकांपुढे उभा राहिला. त्यांच्या कामाला हसणारे पुष्कळ होते. हे कसलं संशोधन, हे तर आकड्यांचे खेळ, असं म्हणणारे. त्यांनी कितीतरी पुस्तिका स्वतःच छापल्या, आणि वर छापलं 'देवळाली'. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त ६१७४ वर लेख आला. मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनरनी त्यांच्यावर लिहिलं आणि जगभर नाव झालं. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते, आणि पेन्शन पुरत नाही म्हणून शिकवण्या करत होते. १९८६ मध्ये ते गेले. गुरुजींनी माझ्याकडे ड्राफ्ट काढला तो पुढच्याच वर्षी.

गुरुजींचं ऐकल्यावर मला या परिषदांचं कुतूहल वाटू लागलं. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसं वाचत गेलो. आपल्या देशातली जुनी संस्था म्हणजे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी, १९०७ सालची. ती कुणी काढली? प्राध्यापकाने नाही. व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या डेप्युटी कलेक्टरने. म्हणजे आमच्यासारखाच फायली आणि सह्यांचा माणूस! त्याने गणिताची आवड असलेल्यांना पत्रं पाठवून सभासद गोळा केले. सोसायटीचं ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसनमध्ये होतं, तिथून सभासदांना मासिकं पोस्टाने फिरत. पहिली परिषद १९१६ मध्ये मद्रासला भरली. याच सोसायटीच्या नियतकालिकात १९११ मध्ये रामानुजनचा पहिला शोधनिबंध छापून आला. हा मुलगा पुढच्या वर्षी पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून म्हणून लागला.

मोठ्या परिषदाही झाल्या. १९५६ मध्ये मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटने आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरवला. २०१० मध्ये हैदराबादला गणितज्ञांची जागतिक काँग्रेस भरली, भारतात पहिल्यांदाच. तिथे मोठी माणसं मोठी व्याख्यानं देतात, पारितोषिकं मिळतात. पण परिषदेचं रोजचं काम साधं असतं. आधी निबंधाचा गोषवारा पाठवायचा, फी भरायची, ठरलेल्या वेळी फळ्यापुढे उभं राहायचं. दहा-पंधरा मिनिटं बोलायचं आणि प्रश्न घ्यायचे. खरं बोलणं पुष्कळदा चहाच्या वेळी होतं. तुमची पदवी काय, यापेक्षा तुमची पायरी कुठे चुकली हे बघणारी माणसं तिथे एका छताखाली भेटतात. गावात बसून काम करणाऱ्याला ती एरवी कुठे भेटणार?

आता आमच्या गुरुजींचं काय झालं ते सांगतो. परत आल्यावर ते शाखेत आले. मी या वेळी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "माझ्या आधी कुणीतरी ते करून ठेवलं होतं. एका वयस्कर प्राध्यापकांनी चहाच्या वेळी सांगितलं, कुठे छापलंय तेही लिहून दिलं." मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "म्हणजे सगळं फुकट गेलं?" ते चक्क हसत होते. "चुकलं नव्हतं साहेब, फक्त उशीर झाला. घरी बसलो असतो तर जन्मभर वाटलं असतं की मीच पहिला. आता पुढचं बघतो."

जमाखर्चाच्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. फी गेली, रजा गेली, हातात काही नाही, आणि माणूस खूश! पुढे दोन-तीनदा त्यांनी माझ्याकडून असेच ड्राफ्ट नेले. मी पुन्हा हसलो नाही. पण एक चूक केलीच. त्या परिषदांत ते काय बोलले, ते कागद मी कधी मागितले नाहीत. निवृत्त होऊन ते गावी गेले, तिकडेच वारले. काही वर्षांनी त्यांच्या घरच्यांची गाठ पडली तेव्हा विचारलं. वह्या रद्दीत गेल्या होत्या. घरच्यांना तरी दोष कसा देऊ? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ते जपायचं असतं. सांगू शकणाऱ्यांत मी एक होतो.

कापरेकर आणि आमचे गुरुजी यांची तुलना मी करत नाही, तेवढी माझी समज नाही. पण कापरेकरांचं काम टिकलं, कारण ते त्यांनी चार लोकांपुढे मांडलं, छापलं, हसणाऱ्यांसमोरही मांडलं. नोंद झाली की हिशेब शिल्लक राहतो. व्हाउचरच नसेल तर ताळेबंदात काय येणार?

म्हणून मंडळी, एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या घरी वडिलांच्या, काकांच्या, मास्तर असलेल्या आजोबांच्या अशा वह्या असतील, तर रद्दीवाल्याला देण्याआधी गणित कळणाऱ्या एखाद्याला दाखवा. फार तर तो म्हणेल, हे आधीच झालंय.

आणि नातवंडांना घरी एक काम द्या. १९५४ तर तीन पायऱ्यांत ६१७४ ला पोचलं, ते वर केलंच आहे. त्यांना १९६१ करायला सांगा, आपण भारतात रीतसर विलीन झालो ते साल. त्याला पूर्ण सात पायऱ्या लागतात. १९५४ ते १९६१, आपल्यालाही सातच वर्षं लागली होती! हा निव्वळ योगायोग, गुरुजी असते तर त्यांनी लगेच तसं बजावलं असतं. पण मुलं मोजतील, तेवढ्यात दादरा-नगर हवेलीचा इतिहासही सांगून होईल.